पलीकडे पाणी उतरलं नव्हतं

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले होते. त्रिवेणीबाई जामबागेतल्या दुकानातून दोन खराटे, फिनेलचा कॅन आणि चुन्याची पिशवी घेऊन ऑटोत बसल्या आणि कॉलनीचं नाव सांगितलं. ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं.

"वो पानीवाली?"

"हौ, वोईच," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

ऑटोवाल्यानं भाडं न ठरवताच ऑटो सुरू केला.

एकनाथरावांनी सगळी नोकरी आबिड्सच्या पोस्टात काढली आणि सगळा संसार जामबागेतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. निवृत्त झाल्यावर हाती आलं त्यात शहराच्या कडेला, तळ्याच्या बांधाखाली, एक बैठं घर घेतलं. पावसाळ्यात तळं भरलं की बांधावरून गार वारा यायचा. "ही हवा खायला लोक उटीला जातात," एकनाथराव म्हणायचे. आपण तळ्याच्या पाण्याच्या वाटेतच खुर्ची टाकून बसलोय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांनी सांगायला हवं होतं ते प्लॉट विकून केव्हाच निघून गेले होते.

शेजारच्या घरात मेहर आपा एकट्या राहायच्या. नवरा वारलेला, मुलगी शहनाज लग्न होऊन निजामाबादला. दोन घरांच्या मधून गच्चीवर जाणारा एकच जिना होता, दोघींचा मिळून. जिना अर्धा चढला की वळणावर आपांच्या स्वयंपाकघराचा झरोका लागायचा. छताला टेकलेला, उभ्या सळयांचा. आतल्या बाजूनं त्याच्या खालीच सज्जा होता, मोठी भांडी ठेवायचा. पापड वाळवायला गच्चीवर जाताना त्रिवेणीबाई त्या वळणावर थांबायच्या, आपा खाली ओट्याशी उभ्या असायच्या, आणि दोघींच्या गप्पा पापड करपेपर्यंत चालायच्या. "भाभी, आज क्या पकाए?" ही आपांची रोजची सुरुवात.

पाणी आलं त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. दिवे लागायच्या सुमाराला बांध फुटला. तो आवाज पाण्यासारखा नव्हताच. ट्रकमधून खडी ओतावी तसा होता. एकनाथरावांचे गुडघे अधू. त्यांना काखेत धरून त्रिवेणीबाईंनी कसंबसं जिन्यावर ओढलं, गच्चीवर बसवलं आणि आपांना हाक मारायला मागं वळल्या. तोवर आपांच्या कंपाउंडची भिंत त्यांच्याच दारावर आडवी पडली होती, आणि तिच्यावरून पाणी वाहत होतं.

मग झरोकाच उरला. आपा सज्ज्यावर चढून बसल्या होत्या. आत काळोख, दिसत काही नव्हतं, नुसता आवाज यायचा. एकनाथराव गच्चीवरून खरखरत्या आवाजात ओरडत राहिले, समोरच्या गच्चीवरून कुणीतरी अग्निशमनवाल्यांना फोन लावत राहिलं. त्रिवेणीबाईंनी लोखंडी बत्त्यानं सळया ठोकल्या. एकही वाकली नाही. मग त्यांनी सळयांतून हात आत घातला.

"आपा, हात द्या. माझा हात धरा."

"नहीं होता, भाभी," आपा म्हणाल्या. "फिकर नक्को करो. मैं अकेली नहीं हूं."

देवाचं नाव घेतायत, असं त्रिवेणीबाईंना वाटलं. त्यांनी हात तसाच आत ठेवला. आपा थोड्या थोड्या वेळानं विचारायच्या, "पानी उतरा क्या?" आणि पायाखालच्या पायऱ्या एकेक करून बुडताना बघत त्रिवेणीबाई सांगायच्या, "हौ आपा, उतररा. उतररा."

मग आपांनी विचारायचं थांबवलं.

बोट दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

हे सगळं होऊन महिना होत आला होता. तेवढे दिवस नवरा-बायको लेकीकडे, मृण्मयीच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिले. पण जावई पुण्याचा, अबोल, सकाळ-संध्याकाळ लॅपटॉपसमोर. एकनाथरावांना तिथं खोकायचंही अवघड वाटे. "दिवाळीला आपल्या घरी दिवा लागला पाहिजे," ते म्हणाले, आणि म्हणून त्रिवेणीबाई खराटे घेऊन आल्या होत्या.

कॉलनीत शिरताच वास आला. कुजक्या गाद्यांचा, गटाराचा, रॉकेलचा. भिंतीभिंतीवर एकाच उंचीची काळी रेघ होती, सुतळी धरून मारल्यासारखी. कडुनिंबाच्या फांद्यांत कुणाची तरी शाळेची दप्तरं अडकलेली होती. अर्ध्या घरांना कुलपं, उरलेल्यांच्या अंगणात खाटांवर वाळत घातलेली कागदपत्रं: रेशनकार्डं, लग्नाचे फोटो, एक्स-रे. चिखल खरवडल्याचा आवाज तेवढा चालू होता.

त्रिवेणीबाईंनी पुढची खोली धुतली, मोरी धुतली आणि दुपार कलायला लागली तसा जिना झाडायला घेतला. वीज अजून आली नव्हती. दोन भिंतींच्या मधली ती जागा भर दुपारीही अंधारी असायची. वळणावर पोचल्या तेव्हा गार हवा अंगावर आली. झरोक्यातून येत होती. शेवाळाचा वास होता तिला.

"भाभी..."

त्रिवेणीबाईंचा खराटा थांबला.

"पानी उतरा क्या, भाभी?"

आवाज हातभर अंतरावरून आला होता. थकलेला, पण आपांचाच. त्रिवेणीबाईंनी झरोक्यातून आत पाहिलं. सज्जा कोरडा ठणठणीत होता. त्यावरच्या गाळाला भेगा पडल्या होत्या. खाली रिकामा ओटा, भिंतीला टेकवलेलं दार. कुणी नाही.

आणि तोंडातून सवयीनं शब्द गेले, "हौ आपा. उतररा."

आत कुणीतरी सुस्कारा टाकला. त्यामागोमाग पाणी हललं. भिंतीला लागून हळूच चुबकन हललं, हौदात कुणी कूस बदलावी तसं.

त्रिवेणीबाई खराटा तिथंच टाकून खाली आल्या आणि रस्त्यावर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

कुणाला सांगणार? एकनाथराव आधीच रात्री झोपेत दचकत होते. मृण्मयीला सांगितलं तर ती म्हणाली असती, आई, धिस इज ट्रॉमा, आपण कौन्सेलरकडे जाऊ या. त्रिवेणीबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. दिवाळीला नवरा-बायको परत राहायला आले. उंबऱ्याशी पणती लावली. शेजारच्या उंबऱ्याशीही एक लावली.

जिन्याकडे जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण घर ओलं, कपडे वाळवायचे तर गच्चीवरच. आणि दुपार झाली की आवाज येई. भीती वाटायचीच. पण त्या भीतीपेक्षा एक गोष्ट वाईट होती. आपा आजच्याच दिवसाचं बोलत.

"मेथी पकाए ना आज? खुशबू आरी."

त्या दिवशी खरंच मेथी होती. त्रिवेणीबाईंना वाटलं होतं की हा त्या संध्याकाळचा मागं राहिलेला आवाज असेल, भिंतीत मुरलेला, पाण्याच्या रेघेसारखा. तसं नव्हतं. आपा आत होत्या. त्या संध्याकाळपासून आजपर्यंत, एकही क्षण न चुकता, त्या सज्ज्यावर बसून होत्या, आणि त्यांच्याकडे पाणी उतरलं नव्हतं.

"कुठवर आलंय, आपा?" एकदा त्रिवेणीबाईंनी धीर करून विचारलं.

"छाती तक था, भाभी. अब गले कू लगरा." आणि मग, लाज वाटल्यासारखं, "बहुत थंड है..."

दर दोन-चार दिवसांनी ते बोटभर चढायचं. इकडे नोव्हेंबरचं कोरडं ऊन पडलेलं, नळाला पाणी नाही म्हणून टँकरपुढं रांगा. आणि तिकडे, सहा इंचांच्या भिंतीपलीकडे, हनुवटीपर्यंत पाणी. त्रिवेणीबाई जिन्यात बसत आणि म्हणत, उतररा आपा, उतररा. दुसरं काय म्हणणार होत्या? त्या दिवशीही दुसरं काही हाती नव्हतं.

वीज परत आल्यापासून एकनाथराव दुपारी मृण्मयीकडून आणलेला टीव्ही लावून बसत. हल्ली तो फार मोठ्यानं लावत. एक दिवस त्रिवेणीबाई जिन्यातून खाली आल्या तर टीव्हीवर नुसती खरखर चालू होती, आणि एकनाथराव तिच्याकडे डोळे लावून, आवाजाचं बटण दाबत बसले होते.

"अहो," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "तुम्हालाही..."

"मला काही ऐकू येत नाही," एकनाथराव म्हणाले. "त्यांना सांग, मला काही ऐकू येत नाही."

आपांच्या चाळिसाव्या दिवसाचं झाल्यावर शहनाज घर बंद करायला आली. थोडी भांडी, आईची शिलाई मशीन, एवढंच न्यायचं होतं. घर विकायला काढलं होतं. पण त्या कॉलनीत घर कोण घेणार? ती आत फिरत असताना त्रिवेणीबाई अंगणात उभ्या होत्या, जीव मुठीत धरून. शहनाजला काही ऐकू आलं नाही. बाहेर आली तेव्हा दोन्ही दंड चोळत होती.

"अंदर बहुत थंड है, आंटी." मग डोळे भरून आले. "मय्यत कू नहलाने वाले औरतां बोले, अम्मी के हाथां सीधे नहीं हुए. बहुत कोशिश करे. ऐसे के ऐसेच रह गए." तिनं आपले दोन्ही हात छातीपुढं वाकवून दाखवले. काहीतरी उचलून धरल्यासारखे. "वैसेच दफनाए."

ती गेली. त्रिवेणीबाई जिन्यात गेल्या तर आपा घाबरलेल्या होत्या.

"कौन था, भाभी? पानी में कोई चलरा था. उसकू बोलो, गहरा है. अंदर नक्को आओ बोलो..."

त्रिवेणीबाईंना ते सहन झालं नाही. त्या वळणावर बसल्या, सळयांना कपाळ टेकलं आणि खरं ते सांगून टाकलं. की आपा, पाणी केव्हाच गेलं. तुमची बेटी होती ती. तुम्ही त्याच दिवशी गेलात. नमाज झाली, माती झाली, मी स्वतः कबरस्तानाच्या फाटकापर्यंत आले होते. आता तुम्ही निघा. कुणाची वाट बघू नका.

आत पाणी भिंतीला लागलं.

"मेरेकू मालूम है, भाभी," आपा हलकेच म्हणाल्या. "मैं चले जाती. पर इसका क्या करूं?"

"कुणाचं?"

"बच्ची का. गेट के सामने से बहके जारी थी. मैं ऊपर आरीच थी, इसकू देखी. खींच के अंदर ली, और दीवार गिर गई." आपांना धाप लागली. "जब से उठा के पकड़ी हूं. छोड़ी तो डूब जाती ना..."

त्रिवेणीबाईंना त्या संध्याकाळचं आपांचं बोलणं आठवलं. नहीं होता, भाभी. मैं अकेली नहीं हूं.

"कुणाची आहे ती, आपा?"

"क्या मालूम. बोलती नहीं. आंखां खुले रखती, बस."

दुसऱ्या दिवशी त्रिवेणीबाई घरोघरी फिरल्या. कॉलनीतलं कुठलंही लेकरू गेलं नव्हतं. आपांना बाहेर काढणाऱ्यांनाही आत दुसरं कुणी दिसलं नव्हतं; पाणी ओसरताना त्या दारातून बरंच काही वाहून गेलं होतं. भामा म्हणून एक बाई चार घरी धुणी-भांडी करायची, तिला विचारलं. भामानं बांधाकडे बोट दाखवलं. बांधाच्या पलीकडच्या अंगाला इमारतीच्या कामावरच्या मजुरांची पालं होती, ती म्हणाली. वीस असतील, तीस असतील. कुठकुठली माणसं, कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. पाणी गेल्यावर पाच-सहा जण दिसले. मुकादमानं त्यांना लॉरीत घातलं आणि दुसऱ्या कामावर नेलं.

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं कोण विचारणार, अम्मा? मोजलेलेच नव्हते तर."

त्रिवेणीबाई बांधावर चढल्या. पालांच्या जागी रोलर फिरवून जमीन सपाट केली होती. चारी कोपऱ्यांना पांढरे दगड रोवलेले, आणि मधोमध नव्या लेआउटची पाटी. त्यावर हसऱ्या आई-बापाचं आणि एका मुलीचं चित्र. खाली तळ्यात पाणी होतं, हिरवं, हालचाल नसलेलं. तिथं उभं राहून त्यांनी मुलीला हाक मारायचं ठरवलं होतं. पण काय नावानं मारणार? कुणाच्या भाषेत?

संध्याकाळी मृण्मयीचा फोन आला. तिनं बाबांसाठी खोली तयार केली होती. "आता बस झालं, आई. तिथं रोगराई आहे. रविवारी मी गाडी घेऊन येतेय, आय ॲम नॉट आस्किंग."

रविवारी दुपारपर्यंत सामान बांधून झालं. एकनाथराव पुढच्या खोलीत खुर्चीवर, काठी धरून, तयार बसले होते. त्रिवेणीबाई जिना चढल्या.

"आपा, आम्ही चाललो."

उत्तराच्या आधी खळखळ ऐकू आली. आपांचं तोंड पाण्याखाली जाऊन वर येत होतं.

"भाभी... हाथां गए मेरे. अब नहीं होता..." पाणी. मग, "इसकू तुम लेलो."

त्रिवेणीबाई उभ्या राहिल्या. पळून जाता आलं असतं. खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मृण्मयी आली होती. नऊ मजले वर कोरडा फ्लॅट होता. तिथं कुठलाच आवाज पोचला नसता. एकदा घेतलं की ते खाली ठेवायला जागा नाही, हे त्यांना कळत होतं. आपांना तरी कुठं मिळाली होती?

"भाभी..."

त्रिवेणीबाईंनी दोन्ही हात सळयांतून आत घातले.

डोळ्यांना समोर भेगाळलेला गाळ दिसत होता. पण कोपरापर्यंत हात बर्फासारख्या पाण्यात गेले. बोटांना शेवाळ लागलं, कापड लागलं, मग आपांचे हात लागले. लाकडासारखे ताठ, थरथरणारे.

"सर संभालो," आपा म्हणाल्या. "सर के नीचे हाथ रखो..."

आणि वजन आलं. तळहातावर लहानसं डोकं, दुसऱ्या हातावर पाठ. ओलं, गच्च, गार. त्रिवेणीबाईंनी ते सळयांमधून बाहेर ओढलं. कसं आलं कुणास ठाऊक, पण आलं. हात रिकामे दिसत होते आणि भरलेले होते.

आतून एक लांब श्वास सुटला. "हाय... कित्ता हलका लगरा..." त्यानंतर त्या झरोक्यातून आपांचा आवाज कधी आला नाही. गार हवाही थांबली.

"आई, चल ना!" खालून मृण्मयी ओरडली.

त्रिवेणीबाई एकेक पायरी जपून उतरल्या. पिशव्या त्यांनी उचलल्या नाहीत. मृण्मयी चिडली, मग आईचा चेहरा बघून तिनंच त्या गाडीत टाकल्या. गाडीत एकनाथरावांनी बायकोच्या वाकलेल्या हातांकडे एकदाच पाहिलं. पुढं सबंध वाटेत ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या रात्री पलंगावर ते पार कडेला सरकून झोपले, मध्ये जागा सोडून. अजूनही तसेच झोपतात.

आता ते दोघं लेकीकडेच असतात. घर तसंच पडून आहे. पुढच्या पावसाळ्यात कॉलनीत पुन्हा पाणी आलं, तेव्हा उरलेले लोकही गेले. त्रिवेणीबाई जेवतात, नहातात, टीव्हीपुढं बसतात. पण हात सरळ होत नाहीत. डॉक्टरांनी एक्स-रे काढले, मालिश सांगितली, थंडीचा संधिवात म्हणाले. डाव्या बाहीला कोपराशी ओल असते, ती कुठल्याही उन्हात वाळत नाही. आणि वजन वाढतंय. रोज नाही, पण सणासुदीला जाणवतं, की अरे, दसऱ्याला एवढी जड नव्हती. लेकरं वाढतातच. आपण सत्तरीला आलो, ती वाढत राहणार, आणि आपल्यानंतर काय, हा विचार त्या मनात येऊ देत नाहीत. ती अजून एकदाही बोललेली नाही. डोळे उघडे ठेवते, बस.

त्रिवेणीबाईंनी हे कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला तर नाहीच.

परवा दुपारी त्या बाल्कनीजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. खांदे भरून आले होते, डोळा लागत होता. मृण्मयी लॅपटॉप बंद करून आतून आली, आईच्या समोर उकिडवी बसली आणि थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. एक तळहात वर, बोटं जराशी मिटलेली. दुसरा त्याच्या खाली, लांब.

"दमलीस ना, आई," ती हळूच म्हणाली, कुणाची झोपमोड होऊ नये तशी. "दे, थोडा वेळ माझ्याकडे दे तिला."